नंबर दुसऱ्याने चोरला, जबाब मालकाने का द्यायचा?

"मालकाला पत्ता नसताना त्याच्या बोटीचा नंबर दुसऱ्या बोटीवर जाईलच कसा? दोघांचं साटंलोटं असणार!" एका नंबराच्या दोन बोटी असा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. मासळीच्या लिलावात उभा असलेला दलाल ते म्हणतो, सरकारी खुर्चीतला साहेब म्हणतो, आणि समुद्राशी ज्याचा संबंध फक्त बाजारातल्या बांगड्यापुरता, असा आमच्या नंदगडच्या टपरीवरचा माणूसही चहाचा घोट घेत तेच म्हणतो. ऐकायला ते व्यवहारी वाटतं. पण ते बोलणाऱ्याने बोटीवर नंबर कसा चढतो हे कधी पाहिलेलं नसतं, आणि या समजुतीचा सगळ्यात मोठा फायदा होतो तो नंबर चोरणाऱ्याला.

म्हणून आधी नंबर कसा चढतो ते पाहू. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी ओढून, शाकारून ठेवलेल्या असतात. बंदी संपत आली की धक्क्यावर रंगाचे डबे उघडतात. तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडलं जातं, फटी बुजवल्या जातात, रंगाचा हात बसतो आणि शेवटी पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा कापलेला साचा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, धरून नंबर काढला जातो. आधी देशाची अक्षरं आयएनडी, मग राज्याची एमएच, जीए किंवा केए, मग विभागाचा आकडा, मग यांत्रिक नौकेचं एमएम आणि सरतेशेवटी त्या बोटीचा स्वतःचा आकडा. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, केबिनवर एकदा. काम अर्ध्या दिवसाचं, सामान डबाभर ऑइल पेंट आणि एक ब्रश. साच्यातला तीनचा आठ करायला पाच मिनिटं पुरतात.

आता सांगा, यात मालकाची संमती कुठे लागली? नंबर लांबून दिसावा, गस्तीच्या नौकेवरून दुर्बिणीतून वाचता यावा, यासाठीच तो एवढा ठळक रंगवायचा असा नियम आहे. जी गोष्ट बंदरातल्या प्रत्येक माणसाला दिसावी म्हणून लिहिलेली आहे, ती उतरवून घ्यायला मालकाला विचारावं लागत नाही. उलट चोराला असाच मालक हवा असतो ज्याचं त्याच्याशी काही नातं नाही, जो दोन बंदरं पलीकडचा आहे, ज्याचे कागद चोख आहेत आणि ज्याच्या नंबरावर जुना गुन्हा नाही. साटंलोटं असलेला माणूस पकडल्यावर तोंड उघडू शकतो. अनोळखी माणूस काय सांगणार?

मोटारीच्या चासीवर कारखान्यात ठोकलेला नंबर असतो. पाटी बदलली तरी चासी बोलते. आपल्याकडच्या लाकडी मासेमारी बोटीच्या अंगावर असं काही नसतं. ती कुठल्या तरी खाडीच्या काठी सुतारांनी बांधलेली असते. इंजिनाला नंबर असतो, हे खरं. पण बोटीच्या आयुष्यात इंजिन बदलतं, जुनं विकलं जातं, दुसऱ्याचं बसवलं जातं. म्हणजे तीसेक लाख रुपये, बँकेचं कर्ज, घरातल्या बायकांचे दागिने आणि सात-आठ खलाशांची पोटं ज्या वस्तूवर उभी आहेत, तिची ओळख रंगाच्या एका थरावर अवलंबून आहे. हा थर मालकाने निवडलेला नाही. नोंदणीची पद्धतच तशी आहे. मग त्या पद्धतीच्या दुबळेपणाचा हिशेब मालकाच्या खात्यावर कसा मांडता?

नंबर चोरण्याचं आमिष वाढवलंही व्यवस्थेनेच, आणि ते काही वाईट हेतूने नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 सालचा. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि एलईडी दिव्यांची मासेमारी, विनापरवाना पर्ससीन जाळी यांचा दंड लाखांत गेला. चांगलं झालं, पारंपरिक मच्छीमार कित्येक वर्षं तेच मागत होता. जानेवारी 2025 पासून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू झाली. तेही योग्यच. परराज्यातले वेगवान ट्रॉलर मालवण-वेंगुर्ल्यासमोर येऊन जाळी ओढून नेतात हे दुखणं जुनं आहे. पण परिणाम काय झाला बघा. दंड मोठा झाला आणि तो ठरतो छायाचित्रात दिसणाऱ्या नंबरावर. पूर्वी गस्तीची नौका बोटीला भिडायची, बोट चालवणारा तांडेल समोर असायचा, कागद मागितले जायचे. आता वरून चित्र निघतं आणि नोटीस नंबराच्या पत्त्यावर जाते. मग ज्याला नियम मोडायचाच आहे त्याने स्वतःचा नंबर का लावावा?

नोटीस आल्यावर खऱ्या मालकाचं काय होतं, हे टपरीवरच्या आमच्या मित्रांना सविस्तर सांगायला हवं. हंगाम 1 ऑगस्टला सुरू होतो आणि 31 मेला संपतो. यातला प्रत्येक दिवस मोजलेला. बर्फ भरलेला, डिझेल घेतलेलं, खलाशांना उचल आधीच दिलेली. खलाशी उचल घेऊन आलेला असतो. बोट धक्क्याला उभी राहिली म्हणून त्याचं जेवण थांबत नाही आणि फार दिवस उभी राहिली तर तो दुसऱ्या बोटीवर जातो, उचल बुडते. अशा वेळी मालक कार्यालयात जाऊन सांगतो, की त्या तारखेला माझी बोट तिथे नव्हती. पुरावा? डिझेलची पावती, लिलावाची चिठ्ठी, सोसायटीचा दाखला. साहेब म्हणतात, कागद काय, कुणीही आणेल. छायाचित्र बघा, नंबर तुमचाच आहे.

एवढ्यावर भागत नाही. डिझेलवरच्या कराचा परतावा बोटीच्या नोंदणीवरच मिळतो, मच्छीमार सोसायटीमार्फत. नंबरावर प्रकरण चालू आहे म्हटलं की तो अडतो. परवान्याचं नूतनीकरण अडतं. बोट विकायची म्हटली तर गिऱ्हाईक सावध होतं. आणि दुर्दैवाने बोट बुडाली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, की बुडाली ती तुमचीच कशावरून? डिसेंबर 2018 मध्ये मालपेची 'सुवर्ण त्रिभुज' सात मच्छीमारांसह बेपत्ता झाली. तिचे अवशेष मे 2019 मध्ये नौदलाला मालवणच्या समुद्रात, खोल पाण्यात सापडले. तोवर साडेचार महिने उडुपी आणि कारवारकडच्या घरांनी काय काय ऐकलं असेल! त्या प्रकरणात नंबरचोरी नव्हती. पण बोट हीच का, एवढं ठरण्यावर किती माणसांचं पुढचं आयुष्य अडून असतं ते त्यावरून कळावं.

"मग तक्रार करायची आधी!" हे दुसरं ठेवणीतलं उत्तर. याचा निकाल समुद्रावर न जाता मुंबईच्या रस्त्यावरच लागला आहे. जानेवारी 2025 मध्ये कुलाब्याच्या ताज हॉटेलबाहेर एकाच नंबराच्या दोन अर्टिगा गाड्या उभ्या सापडल्या. खरा मालक टॅक्सी चालवून पोट भरणारा. त्याला न केलेल्या गुन्ह्यांचे ई-चलान येत होते आणि त्याने तक्रार आधीच केलेली होती. दुसऱ्याने कर्जाचे हप्ते थकवले होते. वसुलीवाल्यांना चुकवायला त्याने पाटीवरचा एक आकडा बदलला आणि तो नेमका या बिचाऱ्याचा नंबर झाला. दोघांची ओळखदेख नव्हती. साटंलोटं तर दूरच. ती गाडी कुणी पकडली? कॅमेऱ्यांनी नाही, चलान पाठवणाऱ्या संगणकानेही नाही. खऱ्या मालकाला ती समोर दिसली म्हणून पकडली गेली. जिथे चौकाचौकात कॅमेरे आहेत तिथे ही गत, तर बारा सागरी मैलांच्या पट्ट्यात मच्छीमाराने आपला जुळा कुठे शोधायचा?

आता मोठी तोफ. "हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, कुबेर आठवा. मालकांवर वचक हवाच." आठवतो ना. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करायला कराचीहून आलेल्या दहा जणांनी पोरबंदरचा 'कुबेर' ट्रॉलर भर समुद्रात ताब्यात घेतला, चार खलाशांना मारलं, तांडेलाकडून बोट मुंबईजवळ आणवून घेतली आणि त्यालाही मारलं. त्यांना बोटीचं लाकूड नको होतं. त्यांना हवी होती तिची ओळख, भारतीय नोंदणीचा साधा मासेमारी ट्रॉलर म्हणून कुणी हटकणार नाही ही खात्री. म्हणजे ओळख चोरण्याचा सगळ्यात भयंकर प्रकार आपल्याच किनाऱ्यावर घडला, आणि त्यात मालकाकडची माणसं मारली गेली. तरी बोट पुरावा म्हणून जप्त झाली, मालकाच्या मागे चौकशी लागली, आणि 'मालक सामील असेल' ही कुजबूज तेव्हाही झाली. चौकशी व्हायला हवी होती, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो चौकशी आणि संशय यांची गल्लत करण्याबद्दल.

त्याच हल्ल्याच्या खटल्यातली एक गोष्ट वचकवाद्यांनी नीट वाचावी. हल्लेखोर कुबेर सोडून ज्या रबरी होडीतून मच्छीमार नगरला उतरले, तिला यामाहाचं इंजिन होतं. त्यावरचा नंबर खरवडून काढलेला होता. पण इंजिन बनवणाऱ्यांनी ओळख एकाच जागी ठेवलेली नव्हती. कंपनीच्या माणसाने न्यायालयात साक्ष दिली आणि ते इंजिन पाकिस्तानातल्या विक्रेत्याकडे पाठवलेलं होतं हे उभं राहिलं. मालकांना दरडावून ते सिद्ध झालं नाही. वस्तूच्या पोटात, चोराच्या हाताला न लागणाऱ्या जागी ओळख कोरलेली होती म्हणून झालं.

आणि ओळख पक्की असली की संशय किती लवकर विरतो, तेही आपण पाहिलं आहे. 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-47. रायगडात 1993 च्या बॉम्बस्फोटांआधी शेखाडी आणि दिघीला उतरलेल्या शस्त्रसाठ्याच्या आठवणी जाग्या झाल्या, नाकाबंदी झाली, वाहिन्यांवर काय काय सुरू झालं. संध्याकाळच्या आत तेव्हाचे उपमुख्यमंत्री विधानसभेत सांगू शकले, की बोटीचं नाव 'लेडी हान', मालकीण ऑस्ट्रेलियन, इंजिन बिघडल्यामुळे बोट जूनमध्ये समुद्रात सोडून द्यावी लागली होती, घातपाताचा धागा तूर्त दिसत नाही. बंदुका सापडलेल्या बोटीच्या मालकिणीला एका दिवसात संशयातून मोकळं होता आलं. आमचा वेंगुर्ल्याचा मच्छीमार, ज्याच्या बोटीत बांगड्याशिवाय काही सापडलेलं नाही, तो मात्र हंगामभर खेटे घालतो. फरक माणसांत नाही, ओळखीच्या पक्केपणात आहे.

यावर सरकारी उत्तर तयार आहे: यंत्रं येताहेत. 26/11 नंतर देशभर एकसारखी नोंदणी आली, संगणकावर आली, मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं मिळाली, राज्याराज्यांच्या बोटींना रंग ठरवून दिले. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी एक लाख ट्रान्सपॉन्डरच्या, म्हणजे बोटीवर बसवून तिचा ठावठिकाणा कळवणाऱ्या पेट्यांच्या, योजनेचा आरंभ केला; सुमारे 360 कोटी रुपयांची, इस्रोच्या तंत्रावर चालणारी. वादळात सापडलेल्या तांडेलासाठी ती पेटी देवासारखी धावून येईल, तिचं स्वागतच आहे. पण ट्रान्सपॉन्डर सांगतो ती पेटीची ओळख. पेटी काढून दुसऱ्या बोटीवर ठेवली तर तो निमूट दुसऱ्या बोटीवरून पहिल्या बोटीचं नाव सांगत राहतो. कार्ड माणसाचं, रंग राज्याचा, पेटी कारखान्याची. बोटीच्या अंगाला या सगळ्यातलं काहीच बांधलेलं नाही.

जगाने हा धडा आधी घेतला आहे. अमेरिकेत 1972 पासून कारखान्यात बनणाऱ्या प्रत्येक बोटीच्या सांगाड्यावर बारा अक्षरांची ओळख कोरावी लागते, आणि 1984 पासून तीच ओळख दुसऱ्यांदा, सहज न दिसणाऱ्या जागी. मोठ्या जहाजांना सात आकड्यांचा आयएमओ क्रमांक असतो. जहाजाचं नाव बदलो, मालक बदलो, झेंडा बदलो, क्रमांक जन्मभर तोच. त्यातला सातवा आकडा पहिल्या सहांवरून ठरतो, त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक बहुतेक वेळा तिथेच उघडा पडतो. एवढं करूनही लबाडी थांबली नाही. निर्बंध चुकवून तेल वाहणारे टँकर भंगारात तोडलेल्या जहाजांचे क्रमांक लावून फिरतात. मेलेल्याच्या नावाने जिवंत माणूस रेशन उचलतो तसं. पण तिथे असा प्रकार उघडकीला आला की पहिला प्रश्न 'नक्कल कुणी केली' हा असतो. आपल्याकडे 'तुमचा नंबर तिथे कसा' हा.

"बरं, पण आपल्याला काय त्याचं? नंदगडला कुठे समुद्र आहे?" हेही ऐकलं. गोव्याची मांडवी म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातून निघालेली म्हादई, हा भूगोल बाजूला ठेवू. तालुक्यातल्या किती घरांतली पोरं गोव्यात राबतात, त्यातली काही धक्क्यावरही असतात. चोर्ला घाटातून किंवा अनमोडमार्गे गाडीने खाली जाणारा इथला माणूस केए-22 ची पाटी लावून तीन राज्यांच्या कॅमेऱ्यांसमोरून फिरतो. आणि सीमाभागातल्या माणसाला तरी हे समजावून सांगायला नको. आपल्या उताऱ्यावर न विचारता कुणाचं तरी नाव चढतं, आणि ते चढवणारा मजेत असतो. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत हेलपाटे घालून जमीन आपलीच आहे हे सिद्ध करायचं ते आपण. तेव्हा आपण म्हणतो का, की शेतकऱ्याचंच साटंलोटं असणार? मच्छीमाराची बोट हा त्याचा सात-बारा आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाहीतर हा लेख एकतर्फी वकिलीचा होईल. एका परवान्यावर दोन बोटी चालवणारे मालक आहेत. आपला नंबर भाड्याने दिल्यासारखा नातेवाइकाला देणारे आहेत. परताव्याच्या डिझेलसाठी कागदावरची बोट जिवंत ठेवणारेही असतील. त्यांना सोडा असं कुणी म्हणत नाही. परवाना काढून घ्या, खोट्या कागदाचा गुन्हा लावा. पण लबाड मालक आणि लुटलेला मालक यांना वेगळं करणं हे तपास यंत्रणेचं काम आहे, आणि ते न करता दोघांनाही एकाच रांगेत उभं केलं की लबाडाचं फार बिघडत नाही. त्याच्याकडे दुसरी बोट असते. भरडला जातो तो एकच बोट असलेला.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते महाग नाही. परवान्याचं नूतनीकरण दर वर्षी होतंच. त्या वेळी रंग झाल्यावर बोटीची चारी बाजूंनी छायाचित्रं काढून नोंदणीत ठेवावीत. केबिनचा आकार, नाळेचा उतार, दुरुस्तीचे जोड हे दोन बोटींत सारखे नसतात. धक्क्यावरचा कुठलाही सुतार ते पाहताक्षणी सांगेल. बऱ्याच लाकडी बोटींवर आता फायबरचा थर चढवतात. त्या थराखाली, फक्त नोंदणी कार्यालयाला माहीत असलेल्या जागी, नंबर कोरलेली एक धातूची पट्टी बसवायला किती खर्च येईल? ट्रान्सपॉन्डरच्या योजनेसमोर तो खिजगणतीतही नाही. मालकाने नंबर चोरीची तक्रार दिली की त्याला पोच मिळावी आणि ती खूण गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक या चारही राज्यांच्या नोंदीत लागावी, कारण चोर राज्याची हद्द पाळत नाही. सुनावणी संपेपर्यंत बोट जातमुचलक्यावर समुद्रात जाऊ द्यावी.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांना एकच मागणं आहे, ज्याला नवा कायदा लागत नाही आणि निधीही लागत नाही. दंडाची नोटीस काढण्याआधी माणूस पाठवून नोंदणीतली बोट धक्क्यावर बघून या, आणि ड्रोनच्या छायाचित्रातली बोट तीच आहे का ते तपासा. तीच निघाली तर खुशाल दंड करा.